बोरन्हाणाचे दागिने घरी करायचेत, पण हलवा विरघळतोय

*नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीन. जाऊबाईंचं बाळ संक्रांतीला दहा महिन्यांचं होईल आणि त्याचं पहिलं बोरन्हाण आमच्याकडेच आहे. ‘बाळाचे दागिने मीच करणार’ असा मुलीचा हट्ट. सरावाला एक मुकुट फेव्हिकॉलने करून पाहिला. हलवा चिकट झाला, काटे गेले, दुसऱ्या दिवशी मुंग्या. त्याआधी मैदा-मिठाच्या गोळ्याची फुलं केली होती, ती उन्हात ठेवली तर सगळी तडकली. धाकटा दिसेल ते तोंडात घालतो. आणि मुलगी दर वेळी शेवटी ‘तुझंच छान होतं’ म्हणून रडते. सासूबाई म्हणतात, बाजारात तयार सेट मिळतो, कशाला हा उपद्व्याप. नाताळच्या सुट्टीपासून रोज अर्धा तास मी काढू शकते. ओव्हन नाही. फेव्हिक्विक किंवा ग्लू गन घ्यावी का?*

नमस्कार ताई,

सासूबाईंचं अर्धं ऐका. हार, म्हणजे दोऱ्यात बांधलेल्या हलव्याची माळ, तयारच आणा. तो सहा वर्षांच्या हाताचा ऐवज नाही. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ ओढायची असते, काट्यांमुळे फास घसरत नाही, पण जरा जास्त ओढलं की दाणा फुटतो. सासूबाईंना किंवा शेजारच्या कुणा आजींना हे येत असेल तर त्यांच्याकडून करून घ्या. मुकुट, मनगट्या आणि दंडावरचे बाजूबंद हे मात्र पुठ्ठ्यावर चिकटवायचे दागिने आहेत. ते तुमची मुलगी नीट करू शकेल, फक्त कामाचा क्रम बदलावा लागेल. तुमच्या पत्रातल्या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच दिसतं: वस्तू कशी दिसायला हवी ते आधी ठरलं, आणि त्यातलं कोणतं काम मुलाच्या हातून होईल हे नंतर. आता ते उलटं करू.

हलवा का विरघळला

फेव्हिकॉल पाण्यातला डिंक आहे. त्यातलं पाणी उडालं की तो पकडतो. हलवा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाण्यावर चढवलेली साखर. ओल्या डिंकाच्या जाड थरात दाणा बुडाला की ते पाणी आधी साखर पिते. काटे झिजतात, दाणा चिकट आणि मळकट होतो, आणि बाहेर आलेल्या पाकावर मुंग्या येतात. म्हणजे डिंक कमी पडला नाही, जास्त झाला.

फेव्हिकॉल थेट बाटलीतून ओतू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर काढा आणि इअरबडने किंवा आगकाडीच्या मागच्या टोकाने रेघ ओढा. रेघेची जाडी दाण्याच्या निम्म्याहून कमी. दोन-तीन मिनिटं थांबा. बोट टेकवल्यावर ओलं न लागता चिकट लागलं की दाणे लावायचे. एका वेळी बोटभर लांबीचीच रेघ ओढा, कारण मूल दाणे लावेपर्यंत पुढची रेघ सुकून जाते आणि मग ‘चिकटतच नाही’ म्हणून त्यावर आणखी डिंक पडतो. तुमच्या मुकुटाचं तेच झालं असावं.

दुसरा चोर म्हणजे मुलाचा तळहात. मुठीत धरलेला हलवा घामानेच ओला होतो. म्हणून कोरड्या वाटीत पाच-सहा दाणेच द्या, संपले की पुन्हा पाच-सहा. हात धुतल्यावर टॉवेलने पूर्ण कोरडे झाले पाहिजेत.

तिसरं कारण नाशिकच्या थंडीचं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पहाटे पारा अनेकदा १० अंशांच्या खाली जातो. एवढ्या गारठ्यात हा डिंक नीट पडदा धरत नाही, पांढरट आणि भुकटीसारखा राहतो, आणि हलवा नंतर टपटप गळतो. तेव्हा हे काम रात्री जेवणानंतर नको. दुपारी ११ ते ४ मध्ये करा. केलेली वस्तू तासभर हलवू नका, मग घरातच पंख्याखाली ठेवा आणि रात्री गच्चीत किंवा खिडकीत न ठेवता स्वयंपाकघरात आत घ्या. रात्रभरात पक्की होते.

हलवा कोणता, किती

या वर्षीचा ताजा, पांढरा, काटेरी हलवा घ्या. बारीक दाणा कडेला, मोठा मधल्या फुलाला. रंगीत हलवा डिंकाच्या ओलीने रंग सोडतो, तो असलाच तर चार-पाच दाणे मधोमध, पांढऱ्याला न चिकटवता लावा. मुकुट, दोन मनगट्या आणि दोन बाजूबंद यांना १०० ग्रॅमच्या आसपास पुरतो. पाव किलो आणा, उरलेला वाटायला. आणल्या आणल्या दोन डब्यांत विभागा, एक खायचा आणि एक चिकटवायचा, आणि काम सुरू होण्याआधी दोन्ही मुलांना खायच्या डब्यातला थोडा द्या. आधी न देता ‘खाऊ नको’ म्हणणं साडेतीन वर्षांच्या मुलावर अन्याय आहे.

हलवा घरी करावा का, असा विचार मनात असेल तर या वर्षी नको. मंद आचेवर चमच्याने पाक सोडत दिवसच्या दिवस हलवत बसायचं ते काम आहे, आणि उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून खोल भाजतं. लहान मुलं पायात असताना ते जमत नाही.

पुठ्ठा, आणि बाळाची कातडी

पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा सगळ्यांत चांगला: वाकतो, पण मोडत नाही. जुन्या लग्नपत्रिकाही चालतात, मात्र त्यांच्या चकचकीत बाजूवर फेव्हिकॉल धरत नाही. आतली खरखरीत बाजू वर घ्या, नाहीतर बारीक पॉलिश पेपर फिरवून चकाकी काढा. खोकी पॅक करायचा जाड नालीदार पुठ्ठा नको. तो वाकवला की घड्या पडतात आणि त्या घड्यांवरचे दाणे उडतात.

दहा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५ सेंटिमीटर असतो, तरी दोरा घेऊन मोजाच. संपूर्ण घेराची पट्टी करू नका. पुढच्या बाजूला २२ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद पट्टी आणि मधोमध ७ सेंटिमीटर उंचीचं टोक. मागे दोन्ही बाजूंना २५ सेंटिमीटरची सुती नाडी. सॅटिनची रिबन दिसते छान, पण बाळ मान हलवतं तेव्हा गाठ सुटून मुकुट नाकावर येतो. मनगटीला ९ बाय अडीच सेंटिमीटरची पट्टी पुरते, टोकांना नाडी किंवा वेल्क्रोचा तुकडा. दोन टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत, बोटभर फट राहिली की बाळाचा हात आवळत नाही. बाजूबंद तसेच, फक्त सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मोठे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पुठ्ठ्याची कापलेली कड बाळाच्या कानामागे आणि मनगटावर कापते. म्हणून प्रत्येक तुकड्याला मागून जुन्या मलमलीचं किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचं फडकं लावा. चारही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवून ते पुढे दुमडायचं आणि चिकटवायचं. नाडी या फडक्याला शिवा, पुठ्ठ्याला स्टेपल करू नका. पिनेचं टोक कधीतरी बाहेर येतंच.

हे सगळं तुम्ही करायचं, हलवा उघडण्याच्या आदल्या दिवशी. अस्तर, नाडी, सोनेरी लेस, सगळं लागून सुकलं की मगच हलवा. उलट केलं तर शिवताना आणि दुमडताना निम्मा हलवा हातात येतो.

मुलीचं काम इथून सुरू होतं. तुम्ही पेन्सिलने आखलेल्या रेघांवर दाणे लावायचे. आधी कडेची ओळ, मग मधलं फूल: मध्ये एक मोठा दाणा, भोवती सहा. मधली जागा भरायची सक्ती नको. खालचा पुठ्ठा थोडा दिसला तर बिघडत नाही, किंबहुना गच्च भरलेला मुकुट जड होतो आणि बाळ तो अर्ध्या मिनिटात ओढून काढतं. सहा वर्षांचं मूल असं बारीक काम सलग २०-२५ मिनिटं करतं, म्हणजे एका बैठकीत एक मनगटी. मुकुटाला दोन बैठका द्या. पहिला सराव हलव्यावर नकोच, चुरमुऱ्यावर करा. चुरमुरा हलका असतो, चटकन धरतो, आणि दिवसभरात उठतोय का पडतोय ते कळतं. हलव्याचं खरं काम बोरन्हाणाच्या सहा-सात दिवस आधी सुरू करा. त्याहून आधी करून ठेवलं तर सांभाळण्यातच जीव जातो.

सांभाळायचं घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून. फ्रिजमध्ये अजिबात नको. बाहेर काढल्यावर गार वस्तूवर दव जमतं आणि हलवा तिथल्या तिथे पाझरतो. सुकत असताना उघडं ठेवावं लागतं तेव्हा परातीत पाणी, त्यात पालथं पातेलं आणि पातेल्यावर ताट. मुंग्यांचा खडू त्या खोलीतसुद्धा वापरू नका, तो कीटकनाशक आहे आणि दागिने बाळाच्या अंगावर जाणार आहेत.

बोरन्हाणाच्या दिवशी

दहा महिन्यांचं बाळ मनगटीवरचा हलवा पहिल्या पाच मिनिटांत तोंडात घालणार, हे धरूनच चला. हलव्याचा कडक दाणा एवढ्या लहान बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. दागिने घातल्यापासून काढेपर्यंत एका मोठ्या माणसाने बाळाचे हात आणि तोंड एवढंच पाहायचं, त्या माणसाकडे फोटोचं काम नको. ओवाळणं आणि फोटो झाले की दागिने काढून घ्या, मग बाळाला न्हाऊ घाला. आणलेल्या हाराचा दोरा मागे एकाच कच्च्या टाक्याने जोडून घ्या, म्हणजे कुणी ओढला तर टाका तुटेल, गळा आवळणार नाही. बासरी हवीच असेल तर कागदाची सुरळी करून तिला सोनेरी लेस गुंडाळा, हलवा लावू नका. ती सरळ तोंडातच जाते.

डोक्यावरून ओतायला चुरमुरे भरपूर घ्या. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा मोजक्या, आणि त्या बाळाच्या भोवती ठेवा, डोक्यावर नको. करव्याची कड धारदार असते. आणि लुटायला येणाऱ्यांत तुमचा धाकटाही आहे, हे विसरू नका. अख्खे शेंगदाणे, बोराची बी, गोळ्या हे सगळं चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकणारं आहे. त्याची पिशवी आधी तुमच्या हातात येऊ दे.

धाकट्याचं काम

त्याला हलव्याच्या ताटाशी बसवू नका. शेजारी, पण वेगळ्या चटईवर, भाजीचे ठसे. थंडीत भाज्या तशाही ढिगाने येतात. भेंडी आडवी कापली की पाच कोपऱ्यांचं फूल मिळतं, गाजर गोल, फ्लॉवरचा तुरा उभा अर्धा केला की झाड. कापल्यावर ठसा फडक्यावर दहा मिनिटं पालथा ठेवा. भाजीचं पाणी निघालं नाही तर रंग फिसकटतो आणि नुसता डाग पडतो. पोस्टर कलरमध्ये पाणी घालायचं नाही. बशीत स्पंजचा किंवा चौघडी कपड्याचा तुकडा ठेवून त्यावर चमचाभर रंग पसरा, ठसा त्यावर टेकवायचा. रंगात बुडवलेला ठसा पहिल्यांदा थबथबून उमटतो. धरायला सोपं पडावं म्हणून गाजर बोटभर लांब ठेवा आणि भेंडीचा देठाकडचा भाग ठेवा.

काळ्या कागदावर पांढरे ठसे हे संक्रांतीला शोभतं. तेच कागद बोरन्हाणाच्या पाटामागे भिंतीला लावता येतील, म्हणजे त्याचंही काम सगळ्यांना दिसेल. पंधरा-वीस ठसे झाले की तो उठून जाईल. जाऊ दे. साडेतीन वर्षांच्या मुलाची आठ-दहा मिनिटं म्हणजे पूर्ण बैठक झाली.

उरलेल्या ठशांनी तिळगुळाच्या पुड्या करता येतील. साध्या खाकी किंवा पांढऱ्या कागदाच्या करा, वर्तमानपत्राच्या नको, शाई खाण्याला लागते. ए-फोर कागद अर्धा कापा, सुरळीसारखा गोल करून एक कड चिकटवा, खालून दीड सेंटिमीटर दुमडून चिकटवा, वर दोन घड्या. ठसे मात्र सपाट कागदावर आधी उमटवून सुकवा. पुडी झाल्यावर मारले तर आतल्या थरामुळे ठसा अर्धाच उमटतो. दुमडायचं काम मुलगी करेल.

मैदा-मिठाची फुलं

प्रमाण: दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही. अर्धी वाटी आधी, मग चमच्या-चमच्याने, गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट झाला की थांबायचं. खडे मीठ असेल तर मिक्सरला फिरवून घ्या, जाड कणाभोवतीच पहिली तडा पडते. आठ-दहा मिनिटं मळा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. गव्हाचं पीठ वापरलं तरी होतं, रंग तपकिरी येतो आणि वर लावलेला रंग मळका दिसतो.

तुमची फुलं तडकली ती उन्हाने. थंडीतलं नाशिकचं ऊन कोवळं वाटतं, पण हवा इतकी कोरडी असते की वरचा थर तासा-दोन तासांत सुकून आकसतो आणि आत ओल तशीच. वरचा थर ताणला जातो आणि फाटतो. जाड फूल असेल तर हमखास. लाटताना दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल ठेवून लाटणं त्यांच्यावरून फिरवा, जाडी पाऊण सेंटिमीटरच्या आत आपोआप राहते. पाच मिलिमीटर जमली तर उत्तमच. वाटीच्या काठाने, डब्याच्या झाकणाने गोल कापा. लटकवायचं भोक स्ट्रॉने, कडेपासून एक सेंटिमीटर आत, ओलं असतानाच. पाकळ्या जोडायच्या असतील तर दोन्हीकडे टूथपिकने ओरखडे काढून बोटाने पाणी लावा. नुसतं दाबून जोडलेली पाकळी सुकल्यावर निखळते.

सुकवायचं सावलीत, चाळणीवर किंवा जाळीवर, म्हणजे खालूनही हवा लागते. ताटात ठेवलं तर खालची बाजू ओली राहते आणि फूल वाटीसारखं वर वळतं. पहिला दिवस पूर्ण सावली, सकाळ-संध्याकाळ उलटायचं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं ऊन चालेल. तीन-चार दिवस लागतील. टकटक वाजवल्यावर भरीव ओला आवाज न येता खणखणीत आला आणि पाठीवर गडद डाग उरला नाही की सुकलं. मगच रंग, तोही पातळ न करता. पाणचट रंगाने वरचं मीठ विरघळून पृष्ठभाग पुन्हा पिठूळ होतो. शेवटी पारदर्शक वॉर्निशचे दोन हात. तरीही ही वस्तू पावसाळ्यापर्यंतच, असं मुलांना आधीच सांगून ठेवा. मीठ हवेतली ओल ओढतं, जूनमध्ये फुलं घामेजतात. कोकणात किंवा मुंबईत तर जानेवारीतही सुकायला दीडपट वेळ धरावा लागतो. छोट्या तडा गेल्या तर त्याच गोळ्याचा थोडा भाग पाण्यात लापशीसारखा करून बुजवा.

धाकट्याने चाटून पाहिलं तर घाबरायचं कारण नाही, खारट लागून तो स्वतःच थुंकेल. पण गोळाच्या गोळा पोटात जाऊ देऊ नका. एवढं मीठ लहान मुलाला बाधतं आणि कच्चा मैदाही पोटाला बरा नाही. घरात कुत्रा असेल तर सुकणारी फुलं त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशी ठेवा. या फुलांच्या पणत्या करायच्या डोक्यात असतील तर त्या शोभेच्याच, तेल घालून पेटवायच्या नाहीत.

‘तुझंच छान होतं’

यावर उपाय सोपा आहे, पण आईला अवघड जातो. तिच्या शेजारी बसून तीच वस्तू करू नका. नमुना म्हणून केलेला तुमचा मुकुट टेबलावर असेपर्यंत तिचा दुसराच येणार. तुमच्या हाताला वेगळं काम घ्या: नाड्या शिवा, पुड्यांचे कागद कापा. तिची ओळ वाकडी गेली तर रात्री ती झोपल्यावर सरळ करून ठेवू नका. सहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी ते नक्की कळतं, आणि मग ती तुम्हालाच ‘तू कर’ म्हणायला लागते. वाकडं जाऊच नये असं वाटत असेल तर त्याची सोय आधी करा: रेघ आखा, फुलाच्या जागी सात टिंबं काढून द्या. मदत आखणीत घालायची, दुरुस्तीत नाही.

ती थकली की रडणं सुरू होतं, हेही तपासून पाहा. अर्ध्या तासाची बैठक असेल तर शेवटची पाच मिनिटं आवराआवरीची ठेवा, म्हणजे काम अर्धवट असतानाच थांबायची सवय होते आणि ‘आज संपलंच पाहिजे’ हा हट्ट येत नाही.

मध्ये हात मोकळे करायला

हलवा-डिंकाचा कंटाळा येईल त्या दिवसासाठी दोन गोष्टी. लोकरीचा गोंडा: ६ सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्यावर लोकर ८०-१०० वेढे गुंडाळायची. हे काम धाकट्यालाही येतं, फक्त घट्ट आवळू नको म्हणा. वेढे पुठ्ठ्यावरून सरकवून काढा, मधोमध बांधा, दोन्हीकडचे फास कापा, कातरीने गोल करा. गोंडा सुटतो तो बहुतेक वेळा बांधणीमुळे. लोकर ताणली जाते आणि जोर दिला की तुटते, तेव्हा जाड सुती दोऱ्याने दोनदा बांधा. वेढे ५० च्या खाली असले तर गोंडा विरळ आणि चपटा होतो.

दुसरा, पतंग. तुमच्या जिल्ह्यातल्या येवल्याला संक्रांतीला काय धमाल असते ते तुम्हाला सांगायला नको, मुलीला खरा पतंग हवाच असेल. पण सहा वर्षांच्या मुलाला गच्चीवर पतंग झेपत नाही, आणि गच्ची हीच धोक्याची जागा. मैदानात पळवायचा काड्यांशिवायचा पतंग करा. साधा ए-फोर कागद, आखूड बाजू आखूड बाजूवर आणून दुमडा. घडी खाली ठेवा. घडीच्या डाव्या टोकापासून ६.५ सेंटिमीटरवर पहिली खूण, ९ सेंटिमीटरवर दुसरी. डावीकडचे वरचे दोन कोपरे, पुढच्या पानाचा पुढून आणि मागच्या पानाचा मागून, वाकवून पहिल्या खुणेवर आणा आणि घडीसकट एकच स्टेपल मारा. कोपरे वाकवायचे, दुमडायचे नाहीत. फुगीर राहिले तरच हवा धरतात, घडी पाडली की कागद जमिनीवर घासत येतो. दुसऱ्या खुणेवर, घडीपासून अर्धा सेंटिमीटर वर, टेप लावून भोक पाडा आणि शिलाईचा साधा दोरा दोन-अडीच मीटर बांधा. पिनेवर टेपचा तुकडा. पळताना गोल गोल फिरायला लागला तर दोन कोपरे सारखे बसलेले नाहीत, पिन काढून पुन्हा बसवा. मांजा या वयात कोणताच नको. नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

फेव्हिक्विक आणि ग्लू गन

दोन्ही नको. फेव्हिक्विक क्षणात कातडी कातडीला चिकटवतं, आणि मुलांनी तेच बोट डोळ्याला लावलं तर सरळ दवाखाना. सुती कापडावर ते सांडलं तर कापड भाजण्याइतकं तापू शकतं, आणि तुमच्या अस्तराचं कापड सुतीच आहे. ग्लू गनचा वितळलेला डिंक शंभर अंशांच्या बराच वर असतो, मुलीच्या बोटावर पडला तर झटकूनही निघत नाही. शिवाय त्याचे जाड ठिपके पुठ्ठा वाकवला की दाण्यासकट उचकटून येतात. अस्तर आणि लेससाठी सुई-दोरा, बाकी सगळ्याला फेव्हिकॉल. १०० ग्रॅमची एक बाटली या सुट्टीला पुरून उरेल.